बिनदोराचं खेचर

मागल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, अड्याळच्या अलीकडच्या एका गावात, तोरण तुटलं. ते पाच वाजता तुटायचं होतं आणि पोलीस पाटलांनी तोडायचं होतं. प्रत्यक्षात आखराच्या मैदानावर उभ्या असलेल्या एकवीस जोड्यांपैकी पहिल्या सहा जोड्यांनी ते छातीने तोडलं. उरलेल्या जोड्या तलावाच्या पाळीकडे गेल्या, एक ग्रामपंचायतीच्या आवारात शिरली. कोणी दगावलं नाही. दोन माणसं चिखलात पडली, त्यांतले एक उपसरपंच होते. बैल ज्याला बिचकून पळाले तो माणूस रांगेच्या शेवटी, डोक्याला बेगड बांधून, एकटा उभा राहिला. त्याच्यापासून तीन हातांवर एक बुटकं खेचर उभं होतं. तेही पळालं, पण ते बैलांना घाबरून पळालं, माणसाला नाही. हा फरक त्या माणसाने नंतर प्रत्येकाला समजावून सांगितला, चिखलाने भरलेल्या उपसरपंचांनासुद्धा.

त्या माणसाच्या घराची पुढची खोली तेव्हा माझ्याकडे भाड्याने होती. तालुक्याच्या बातम्या मी तिथून पाठवत असे. मी त्यांना काकाजी म्हणायचो. गाव तोंडावर डॉक्टर म्हणायचं आणि पाठीमागे चिमटा.

ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. हा शब्द पगारपत्रकाबाहेर कोणी वापरल्याचं आढळत नाही. डॉक्टर येत गेले, बदलून जात गेले, व्रणोपचारक बत्तीस वर्षं तोच राहिला. आसपासच्या गावांतले गोऱ्हे ज्या हातांनी खच्ची होऊन बैल झाले, ते हात त्यांचे. पाय बांधायचे, पाडायचं, चिमटा लावायचा, दाबायचा, मोकळं करायचं. काम स्वच्छ होतं. माणसांकडून एकही तक्रार आली नाही. ज्यांची तक्रार असू शकत होती त्यांना अर्ज लिहिता येत नव्हता.

त्यांनी दुसऱ्या मार्गाने दाद मागितली. पंधरा-वीस गावांच्या टापूतलं प्रत्येक जनावर काकाजींना ओळखत होतं आणि ओळख पटताच निघून जात होतं. त्यांच्या मोपेडचा आवाज गायींना ठाऊक होता, म्हणून वाटेत कळप दिसला की ते मोपेड बंद करून ढकलत नेत. ज्या घरी गोठा पुढे असे, तिथे ते मागच्या दाराने जात. शेजारची बाई त्यांना पहाटे अंगणात दिसू देत नसे. "काकाजी, इकून नोका जाऊ जी, म्हैस पान्हा चोरते," असं ती कुंपणावरून सांगायची. ते निमूट आत जात. म्हैस पिळून झाली की ती बाई एक तांब्या दूध पाठवायची. या व्यवहारात अपमान कोणाचाच नव्हता, वेळापत्रक होतं.

पोळ्याला तर त्यांनी घरातच राहावं असा गावाचा जुना ठराव होता, न लिहिलेला. दार लावून ते आत बसत आणि प्रत्येक घरून त्यांना पुरणपोळी येई. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मते त्या दिवशी घरात जेवढ्या पोळ्या जमत, तेवढ्या महादेवालाही मिळत नसतील. "बाहेर निंगू नये म्हणून निवद येते आमच्या घरी," त्या म्हणायच्या.

मंडईतली गोष्ट याहून जुनी आहे. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटक होतं. एका वर्षी काकाजींना राजाचं काम मिळालं. दाढी, मुकुट, तोंडभर रंग. तेव्हा लोक बैलबंड्यांनी येत, बैल मंडपामागे बांधलेले असत. राजा विंगेतून बाहेर आला आणि पहिल्या वाक्याच्या आतच मागे दावी तुटली. हा नट कोण, हे प्रेक्षकांना अजून कळायचं होतं. बैलांना कळलं होतं. पुढल्या अंकात राजा न दाखवता मारण्यात आला.

यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जनावर इसरत नाई जी. माणूस इसरते, म्हणून तं इलेक्शन होते."

निवृत्तीनंतर त्यांनी वास घालवण्याचे उपाय सुरू केले. दोष हातांचा नसून फिनेलचा आहे, असं त्यांचं निदान होतं. रिठा झाला, कडुनिंब झाला, तुरटी झाली. मेव्हण्याचे न धुतलेले कपडे मागवून घातले आणि त्या वेषात ते एका ओळखीच्या गाईसमोर उभे राहिले. गाईने दावं तोडलं. मेव्हण्याने ते कपडे परत नेले नाहीत. शेवटी त्यांनी शेणाने अंघोळ केली, तेव्हा काकूंनी त्यांना दोन दिवस ओसरीत जेवू घातलं.

एवढं सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. "बत्तीस वर्षं जे आलं ते दोरानं आलं. एक जनावर आपल्या मनानं माह्यापाशी आलं पाहिजे. एकच. मंग मेलो तरी चालते."

काकू आतून म्हणाल्या, "मी आली होती ना आपल्या मनानं."

"तू बापाच्या मनानं आली."



खेचर घराच्या मागेच होतं. तिथली वीटभट्टी बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती. भट्टीवर विटा वाहायला एक बुटकी घोडी होती आणि गाढवं होती. मालकाने भट्टी उठवताना सगळी विकली. घोडीचं हे पिल्लू तेवढं राहिलं, कारण ते कोणाच्या हाती लागेना. पडक्या भिंतीच्या आवारात, बेशरमाच्या झुडपांत ते वाढलं. पूर्ण वाढ झाल्यावर पाठीची उंची स्वयंपाकाच्या ओट्याइतकी भरली. रंग धानाच्या जुन्या तणसाचा, कान गाढवाचे, आयाळ दाढीच्या ब्रशसारखी उभी. जन्मल्यापासून त्याला माणसाचा हात लागला नव्हता. काकाजींच्या दृष्टीने त्याची सगळ्यात मोठी लायकी हीच होती. "याले माह्यं नावच मालूम नाई," ते म्हणाले. मालकाने सांगितलं, धरता आलं तर तुमचं.

ते धरणार नव्हते. त्यांची अट होती, दोर नाही. दोर टाकून चार माणसांनी पाडायचं तर ती त्यांची नोकरी झाली, आणि तिची पेन्शन चालू होती.

त्यांनी खेचराचं नाव साहेब ठेवलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "नोकरीत ज्याले हात लावता आला नाई असा एकच होता."

पद्धत त्यांची स्वतःची होती. भट्टीच्या विटांची त्यांनी एक चळत रचली आणि खेचराकडे पाठ करून तिच्यावर बसू लागले. रोज सकाळी दोन तास. दुसऱ्या दिवशी चळत एक वीट मागे सरकवायची, म्हणजे खेचराकडे. रोज एकच वीट. खेचर बिचकलं तर चळत चार विटा परत पुढे. पाठ केल्यावर जनावराला माणूस म्हणजे ओंडका वाटतो, असं त्यांचं मत होतं. आवाजाची सवय व्हावी म्हणून ते बसल्या बसल्या मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. अग्रलेखाला त्याचे कान मागे पडतात आणि धानाच्या भावाला पुढे येतात, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. पाठ फिरवलेल्या माणसाला कान दिसले कसे, असं विचारल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून मोपेडचा आरसा काढला.

काकूंचा विरोध सुरुवातीपासून होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "मले पाह्याले आले तं पाच मिनिटांत पसंत करून चाल्ले गेले," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "अन् याच्यासाठी चार महिन्यांपासून पाठ दाखवून बसून राह्यले."

"तू बिचकत नव्हती," काकाजी म्हणाले.

"मी काहून बिचकू? मी तं रडून राह्यली होती."

चळत सहा हातांवर पोहोचल्यावर मोहफुलं आली. वाळलेली मोहफुलं खेचराला आवडतात, हे त्यांना कसं कळलं ते नक्की सांगता येत नाही. त्यांनी पायली-पायलीने ती आणायला सुरुवात केल्यावर हातभट्टीच्या संशयाने पोलिसांचा बीट जमादार घरी आला. घर शोधलं, भांडी हुंगली. "एवढे मोहफुलं कायले लागते जी तुमाले?"

"साहेबासाठी."

"सगळे असंच सांगते," जमादार म्हणाला. त्याला मागे नेऊन साहेब दाखवावा लागला.

मोहफुलं आधी विटेवर ठेवत, मग गुडघ्यावर, मग तळहातावर, पण हात पाठीमागे नेऊन. त्यानंतर बांबू आला. आठ हात लांब, टोकाला जुन्या घोंगडीची गुंडाळी. त्या टोकाने ते खेचराच्या खांद्याला स्पर्श करत आणि खेचराने दूर व्हायच्या आत स्वतःच बांबू मागे घेत. "त्यानं जाच्या आंधी आपण जावं," हे त्या दिवसांतलं त्यांचं वाक्य होतं. खेचर बांबूला कंटाळून उभं राहू लागलं, की ते बांबूची एक वीत करवतीने कापत. घोंगडी पुन्हा टोकाला बांधायची, पुन्हा तेच. बांबू असा उन्हाळाभर आखूड होत गेला. मृग लागला तेव्हा त्याची लांबी फूटपट्टीएवढी होती आणि घराच्या चुलीला महिनाभर फाटं आणावं लागलं नव्हतं.

हात लागला तो धानाच्या रोवणीच्या दिवसांत. मी तेव्हा भंडाऱ्याला होतो; साक्षीदार काकू. त्यांनी सांगितलं ते असं: बांबू संपला, घोंगडी संपली, आणि काकाजींनी मागे न पाहता हात मागे नेला. तो खेचराच्या खांद्यावर टेकला आणि त्यांनी लगेच काढून घेतला. पळून ते स्वतःच आले. दुपारी जेवायला बसले तेव्हा त्यांनी चमचा मागितला.

"चमचा कायले?"

"उजवा हात आज तसाच राहू दे."

काकूंनी चमचा दिला. त्या घरात वरणभात चमच्याने खाल्ल्याची ही पहिली नोंद आहे.

पोळ्यापर्यंतची प्रगती सांगतो. खेचर तळहातावरून खात होतं. खांदा आणि मान यांना हात लावू देत होतं; कान, पोट, पाय यांना नाही. काकाजी चालू लागले की ते तीन हात अंतर ठेवून मागे चालत होतं, दोराशिवाय, गावातल्या रस्त्यावरसुद्धा. ते थांबले की थांबत होतं. पण ते वळून त्याच्याकडे गेले तर दूर होत होतं, आणि बोलावल्यावर येत नव्हतं. मोहफुलांशिवाय ते आपण होऊन एकदाही आलं नव्हतं. हे काकाजींनी मला स्वतः सांगितलं, कारण मी तशी बातमी देईन अशी त्यांना भीती होती. "आलं असं लिवू नका. मांगं चालते, एवढंच लिवा. पोट भरासाठी तं कार्यकर्तेही मांगं चालते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे शेकण्याच्या वेळी, ते पोलीस पाटलांकडे गेले. पाटील बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावत होते. काकाजींना पाहून बैल भिंतीला लागला, म्हणून सगळं बोलणं रस्त्याच्या दोन बाजूंनी झालं.

"उद्या मी पोळ्यात उभा राहीन," काकाजी म्हणाले.

"कोण कोण?"

"मी अन् साहेब."

"डॉक्टर, पोळा बैलाइचा असते जी."

"त्याच्या मायनं अर्ध्या गावाच्या विटा वाह्यल्या. तुमच्या माडीच्याही वाह्यल्या. बैलानं वाह्यल्या का?"

पाटलांनी माडीकडे पाहिलं. "बरं, तं बरं. पण जोडी पाहिजे. एकटं जनावर तोरणाखाली नाई चालत."

"मी हाव ना जोडी."

ओट्यावर बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "डावा का उजवा?"

"उजवा. साहेब डावीकडून चालते," काकाजी म्हणाले. त्यांना यात विनोद दिसला नव्हता.

पाटलांनी परवानगी दिली, ती वाऱ्याच्या हिशेबाने. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून काकाजींनी रांगेच्या पूर्व टोकाला उभं राहायचं, म्हणजे त्यांचा वास शेतांकडे जाईल. पाटलांनी बिडीचा धूर सोडून दिशा तपासली. गावातल्या कोणालाही ही योजना चुकीची वाटली नाही. मलाही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सजवण्याचा प्रश्न आला. साहेबाने शिंगांच्या जागी काही बांधू दिलं नाही, कारण शिंगं नव्हती आणि कानांना हात लावायचा नव्हता. न सजवलेली जोडी उभी करणं बरं दिसत नाही, म्हणून काकाजींनी बेगड स्वतःच्या डोक्याला बांधली. काकूंनी त्यांना ओवाळलं. त्या हसल्या नाहीत. ओवाळताना हसू नये, असं त्यांनी नंतर सांगितलं. दारातून ते निघाले, मागे तीन हातांवर खेचर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक होते. टिंगल करायलाच आलेले लोक होते, आणि ते गप्प झाले, कारण दोर कुठेच दिसत नव्हता.

चार वाजून पाच मिनिटांपर्यंत सगळं ठीक होतं. मग तलावावर ढग आला आणि वारा फिरला.

त्यापुढचं वर आलं आहे. एवढीच भर घालायची की त्या धावपळीत खेचर बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काटेरी तारेतून गेलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर वीतभर जखम झाली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तान्ह्या पोळ्याला पाटलांनी स्वतः नवी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली:

"गोऱ्हा गेला दवाखान्यात, बैल होऊन आला,
डॉक्टर आला पोळ्यात, तं पोळाच पळून गेला!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!"

काकाजी ती ऐकायला हजर नव्हते. ते मागे विटांवर बसले होते. खेचर परत आलं होतं, पण आवारातल्या लांबच्या कोपऱ्यात उभं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी काकूंना वास आला. काकाजींनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "किडे पडले."

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या तालुक्यात गेलेले होते, दोन दिवस येणार नव्हते. काकाजींना दोन दिवसांचा अर्थ माहीत होता. किडे खांद्याच्या सांध्यात उतरले तर जनावर उठत नाही. औषध लावायला ते धरावं लागणार होतं. धरायला दोर लागणार होता. आठ महिने एका बाजूला होते आणि खांदा दुसऱ्या बाजूला. ते विटांवर साडेसातपासून दहापर्यंत बसले. वर्तमानपत्र उघडलं नाही. दहा वाजता उठून त्यांनी पाटलांकडून चार माणसं मागवली.

काकू म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातानं करा. तुमी घरात बसा, आवाजही देऊ नका. त्याले मालूम नाई होणार."

"दुसऱ्याले दोनदा पाडा लागते," काकाजी म्हणाले. "मी एकदाच पाडतो."

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुना सुती दोर काढला. खेचराला पाडायला एक मिनिटही लागलं नाही. ते ओरडलं, तो आवाज घोड्याचा सुरू होतो आणि गाढवाचा संपतो. त्यांनी चिमटीने किडे काढले, टर्पेन्टाइनचा बोळा भरला, जखम धुतली, पट्टी लावली. डोकं धरून बसलेला माणूस म्हणाला, "डॉक्टर, पडलाच हाय तं हातासरशी दुसरंही काम करून टाका ना."

"त्याची गरज नाई," काकाजी मान वर न करता म्हणाले. "खेचराले पोट्टे होत नाई. त्याच्या इथं पद मंजूर हाय, भरती बंद हाय."

माणसं हसली. काकाजींनी गाठ सोडली आणि बाजूला झाले. खेचर उठलं, भिंतीच्या टोकाशी गेलं आणि तोंड भिंतीकडे करून उभं राहिलं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी विटांची चळत उचलून जानेवारीत होती तिथे नेऊन ठेवली. एकेक वीट, सगळ्या. मदत नको म्हणाले. मोहफुलं खेचराने दोन दिवस खाल्ली नाहीत, मुंग्यांनी खाल्ली. काकाजींनी दोन्ही हात साबणाने धुतले आणि जेवायला चमचा मागितला नाही. काकूंनी त्या दिवसांत साहेबाला एकही शिवी दिली नाही, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

पट्टी तिसऱ्या दिवशी बदलायची होती. चार माणसं दोर घेऊन भिंतीबाहेर थांबली. डॉक्टर दौऱ्यावरून परतले होते, पण काकाजींनी त्यांनाही बाहेरच थांबवलं. पेटी घेऊन ते एकटे आत गेले. या वेळी त्यांनी पाठ केली नाही. तोंड खेचराकडे ठेवून सरळ चालत गेले.

"काकाजी, दोर?" भिंतीवरून एकाने विचारलं.

"राहू दे गा. आता त्याले मालूम झालं मी कोण हाय. लपून का करू?"

खेचराने कान मागे पाडले. दूर झालं नाही. काकाजींनी खांद्याला हात लावला, पट्टी सोडली, बोळा काढला, जखम धुतली. मी भिंतीवरून घड्याळ पाहत होतो. सहा मिनिटं लागली. सहा मिनिटं खेचर उभं होतं.

डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "किडे गेल्यावर थंड वाटतं जनावराला." तोच मुद्दा काकाजींनीही नंतर मान्य केला. "माह्यावर जीव नाई त्याचा," ते म्हणाले, "टर्पेन्टाइनवर हाय."

सातव्या मिनिटाला, नवी पट्टी बांधून झाल्यावर, खेचराने मागचा उजवा पाय झाडला. तो काकाजींच्या नडगीवर बसला. आवाज भिंतीपर्यंत आला. काकाजी खाली बसले. माणसं भिंत ओलांडून आत आली, पण त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ते जमिनीवर होते आणि खेचर त्यांच्यापासून एका हातावर होतं.

"पाह्यलं?" ते ओरडले. "पाह्यलं का जी तुमी? मारलं अन् गेलाच नाई! हाय तिथंच हाय!"

"हाड हाय का ते पाहा आंधी," काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या.

"बत्तीस वर्षांत एकानं लाथ मारली नाई, गा. पळूनच जात होते सारे."

त्यांना बाजेवर घालून उचललं. भंडाऱ्याला काढलेल्या एक्स-रेत नडगीच्या हाडाला चीर निघाली. सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही असं लिहून दिलं. खेचराची पट्टी एक दिवसाआड बदलायची होती. काकाजींनी ते काम दुसऱ्याला द्यायला नकार दिला. त्यांना खेचरापर्यंत जाता येणार नव्हतं.

पट्टीच्या दिवशी सकाळी काकूंनी भिंतीच्या खिंडाराशी बाज टाकली. शेजारच्या बाईच्या मदतीने काकाजींना तिच्यावर बसवलं, प्लास्टरचा पाय लांब करून. पेटी उशाशी ठेवली. मोहफुलं आणू का, असं काकूंनी विचारलं. ते नको म्हणाले. खेचर आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. काकाजींनी हाक मारली नाही.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी खेचर निघालं. आवार ओलांडून ते बाजेपर्यंत आलं आणि जखमेचा खांदा बाजेकडे करून उभं राहिलं. त्या दिवसापासून जखम भरेपर्यंत अकरा पट्ट्या बदलल्या गेल्या. अकराही बाजेवर बसून.